बी पडेपर्यंत माळ बंद

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. ऐन उमेदीत, म्हणजे अक्कल सोडून बाकी सगळं जवळ होतं त्या वयात, मी एका चांगल्या गवताळ माळावरचं गवत पोरांकडून मुळासकट उपटून घेतलं आणि तिथं नीलगिरीची रोपं लावली.

मी तेव्हा म्हसवडच्या पुढच्या एका वाडीत शाळेवर नवीन मास्तरीण होते. साताऱ्याहून आलेली, दोन वेण्या, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि डोक्यात भाषणं. तो माळ पाहून मला वाईट वाटलं. एवढी जमीन आणि झाड म्हणून नाही. गवताला मी उगवण्यात धरतच नव्हते. केस वाढतात तसं ते वाढतं, अशी माझी समजूत. सहावीच्या वर्गाला कामाला लावलं, ओळीनं खड्डे काढले आणि 'ओसाड माळाचं नंदनवन' या विषयावर उन्हात उभी राहून बोलले. वरच्या बांधावर एक म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. भाषण संपल्यावर त्यानं विचारलं, ही झाडं खाणार कोण. मी म्हणाले, झाडं खायची नसतात आजोबा, झाडांनी पाऊस पडतो. तो बराच वेळ आभाळाकडं बघत राहिला. मला वाटलं, पटलं त्याला.

बहुतेक रोपं पुढच्या उन्हाळ्यात वाळली. जी जगली त्यांच्याखाली काही उगवेना. तोवर माझी साताऱ्याला बदली झाली होती, आणि 'मी माणमध्ये वनीकरण केलं' हे वाक्य मी बारशापासून निरोपसमारंभापर्यंत सगळीकडं पुढं कित्येक वर्षं वापरलं. घरची मंडळी ते सुरू झालं की पाणी प्यायला उठत.

यंदा दिवाळीच्या तोंडावर शालनचा फोन आला. शालन माझी त्या सहावीतली विद्यार्थिनी. त्या दिवशी सगळ्यांत जास्त गवत हिनंच उपटलं होतं. माहेर टेकडीपलीकडं, आटपाडीच्या अंगाला. तिथून रोज टेकडी चढून शाळेत यायची, आणि पुढं लग्न होऊन आली तीही शाळेच्याच वाडीत. आता तिला नातवंडं आहेत. म्हणाली, वाडीतल्या बायकांनी पाच वर्षं राखून तो माळ पुन्हा गवताचा केलाय, तुम्ही बघायलाच पाहिजे. मग आवाज खाली करून खरं कारण सांगितलं. धाकटा भाऊ धुळा मेंढरं घेऊन येत होता. दिवाळी झाली की दरवर्षी तो कोकणच्या वाटेला लागतो, पण यंदा मेंढ्या गाभण आणि पोटं खपाटीला गेलेली. घाट उतरायच्या आधी पंधरा दिवस मला तुझा माळ दे, असं त्याचं म्हणणं. माळावर अजून बी पडलेलं नव्हतं. मेंढरं आत सोडली तर पाच वर्षांची राखण मातीत. नाही सोडली तर धुळा सगळा कळप विकून साताऱ्याला कारखान्यात वॉचमन होणार होता; तसं त्यानं बोलूनही दाखवलं होतं.

"तुमी असला म्हंजी जरा कमी बोलंल त्यो," शालन म्हणाली. धुळाही माझाच विद्यार्थी, निदान हजेरीपुरता.

मुलगा म्हणाला, आई, गुडघ्यांचं काय. म्हटलं, ते येतायत माझ्याबरोबर.

म्हसवड

म्हसवडला उतरले ती फराळाचे डबे आणि तुटकी चप्पल घेऊन. सिद्धनाथाचं दर्शन त्यामुळं अनवाणीच झालं. चप्पल शिवून घेईपर्यंत शालनचे यजमान स्कूटर घेऊन हजर. हे लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांना बायकोसकट सगळी वाडी हवालदारच म्हणते. गळ्यात दोरीला शिट्टी. वाडीतल्या बायकांनी माळ राखायचं ठरवलं तेव्हा आधी ते हसले होते म्हणे. मग एक दिवस स्वतःच शिट्टी आणली आणि माळाची हद्द ही सरहद्द समजून फिरू लागले.

स्कूटरवर एका अंगानं बसण्याची माझी सवय गेलेली, त्यामुळं मी त्यांच्या खांद्याला लोंबकळूनच सगळी हकिकत ऐकली. ते म्हणाले, "रूल म्हंजे रूल, बाई. बी पडंपतूर माळ बंद. माझी सोताची गाय भाईर हाय, मग मेव्हन्याची मेंढरं आत कशी?"

मी विचारलं, मेव्हणा काय म्हणतो.

"काय म्हनत न्हाई. नुसता बगतो. त्येच जास्त वाईट."

घरी शालननं पायावर पाणी घातलं. ती मला वाकून नमस्कार करायला गेली आणि मी तिला उठवायला. दोघींचे गुडघे एकदम वाजले. जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं. आमच्याकडं साताऱ्यात दिवाळीत माडगं केलं तर सुना रुसतील, पण थंडी उतरायला लागली की त्या गरम वाडग्यापुढं करंजी फिकी पडते. शालनच्या सासूबाई, ज्यांना सगळे आत्या म्हणतात, उंबऱ्याशी बसलेल्या. नव्वदीला टेकल्यात. त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं. मी नेलेली चकली त्यांनी तोंडात घोळवली, बाहेर काढून पाहिली आणि परत आत टाकली.

"लय दिस पुरंल," म्हणाल्या.

माळावर

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर शालन मला माळावर घेऊन गेली. न गेलेल्या माणसाला माळ कसा सांगायचा हे अवघड आहे. डोंगराचं चित्र काढता येतं, नदीचं काढता येतं. माळाचं काढायला गेलं तर एक आडवी रेघ. पण त्या रेघेवर गुडघाभर, कुठं मांडीभर गवत उभं होतं आणि वारा आला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळत होता. तांबूस, सोनेरी, मध्येच जांभळट. मी त्याच जागी उभं राहून त्याला ओसाड म्हटलं होतं. डोळे तेव्हाही दोनच होते, आणि चष्मा नव्हता.

शालन नावं सांगत होती. तांबूस तुऱ्यांचा तो पवना, गुरांचा आवडता. ओढ्याकडेचं मऊ ते मारवेल. टोकदार काटेरी बियांचं ते कुसळ, त्यात बसू नका. हे तिनं सांगितलं तेव्हा मी बसलेले होते. मग अर्धा तास ती माझ्या लुगड्यातून कुसळं वेचत होती. सुती नऊवारी नेसण्याचा माझा हौशीपणा. सहावारी पॉलिस्टर असतं तर एवढी रुतली नसती. वेचलेली कुसळं मी बाजूला फेकली. शालन म्हणाली, बरंय, बी पसरलं. काष्ट्याच्या घड्यांतली कुसळं मी साताऱ्यात परत येऊन काढली, आणि खरं सांगते, सगळी अजून निघालेली नाहीत.

माळ परत आणणं मला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. आधी माझी उरलीसुरली नीलगिरी आणि मागून माजलेली वेडी बाभूळ काढावी लागली. नुसती तोडली तर चारपट फुटते, म्हणून बायकांनी पहारीनं मुळासकट खणली. हातातले काटे काढायला शालन अजून दाभण जवळ ठेवते. मग बी. ते मिळालं बिरोबाच्या देवळाभोवती, कारण देवाच्या आवारातल्या गवताला कुणी विळा लावत नाही. तिथून ओंजळी भरून आणलं, शेणमातीत कालवून पावसाआधी फेकलं. पहिल्या वर्षी उगवलं काय, तर तरवड आणि गोखरू. आख्खी वाडी हसली. दुसऱ्या वर्षी कुठं कुठं पवन्याचे झुबके दिसले. तिसऱ्या वर्षापासून लोक हसायचे थांबले आणि चोरून गुरं घालू लागले. शालन म्हणते, तेव्हा तिला खात्री पटली की गवत चांगलं आलंय.

आता माळाचे तीन वाटे आहेत. एका वाट्यात बी पडल्यावर गुरं चरतात, एक कापायला ठेवतात आणि घरटी वाटून घेतात, तिसऱ्याला कुणीच हात लावत नाही. पुढच्या वर्षी वाटे बदलायचे. त्या तिसऱ्या वाट्याच्या कडेनं चालताना चंडोल आभाळात चढून गात होते. धाविक नावाचे लांब पायांचे पक्षी चार पावलं पळायचे आणि एकदम थबकायचे, चष्मा घरी विसरल्याचं आठवल्यासारखे. एका बिळाच्या तोंडाशी दोन कान दिसले. मी लाडानं यू यू केलं. शालननं माझा हात धरला. ते कुत्रं नव्हतं, खोकड होतं. माळावरचं लहानसं कोल्ह्याच्या जातीचं जनावर. त्यानं माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं की माझ्या जुन्या मुख्याध्यापिकेची आठवण झाली.

वरच्या टोकाला मात्र एक जागा तशीच उघडी होती. पूर्वी रस्त्यासाठी तिथून मुरूम खणून नेलेला. वरची माती गेली, खाली खडक लागला. दर पावसाळ्यात बी टाकतात, दर पावसाळ्यात ते वाहून जातं. शालन त्या जागेपाशी थांबली आणि प्रथमच तिचा चेहरा पडला. समोर बांधाच्या पलीकडं, हद्दीला अगदी चिकटून, धुळाची मेंढरं उभी होती. सगळ्यांची तोंडं आमच्या बाजूला. ओरडत नव्हती. हवालदार म्हणाले होते तसंच, नुसती बघत होती.

पाडवा

पाडव्याला आम्ही धुळाच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे धनगरांचा उघड्यावरचा मुक्काम: घोड्यावरून उतरवलेलं सामान, तीन दगडांची चूल, मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. धुळा आता पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या. मला बघून त्यानं पटका सावरला आणि शाळेत पकडला गेल्यावर उभा राहायचा तसाच उभा राहिला.

पाडव्याला त्यांच्यात दूध उतू घालतात. नवं मडकं, शेणीचा जाळ, आणि सगळे भोवती बसून दूध वर यायची वाट बघतात. माझं अर्धं आयुष्य गॅसपाशी उभं राहून दूध उतू जाऊ नये म्हणून गेलं, त्यामुळं दूध वर आलं तसा माझा हात आपोआप पुढं गेला. धुळाच्या बायकोनं तो हळूच मागं घेतला. दूध फसफसून आलं, मडक्यावरून ओघळलं, जाळात चर्र वाजलं, आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. ज्या दिशेला दूध सांडतं तिकडं यंदा सुकाळ, असं धरतात.

दूध सांडलं ते पूर्वेला. पूर्वेला माळ.

 धुळा नुसता बहिणीकडं बघत राहिला. शालननं मडक्याकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं.

"चूल वाकडी मांडलीयास तू," ती म्हणाली.

हसले सगळे, धुळाही हसला, पण परतताना तो आमच्याबरोबर बांधापर्यंत आला आणि हलक्या आवाजात मला म्हणाला की कराडला एक व्यापारी गाठ घेणार आहे, सगळी मेंढरं एकदम घेतो म्हणतो. त्याला म्हटलं, आणि मग तू काय करणार, खुर्चीवर बसून गेट उघडणार? तो म्हणाला, खुर्ची तर मिळेल.  त्याच्या मेंढ्यांच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि त्याच्याही.

भाऊबीज

साताऱ्यात हल्ली भाऊबीज फोनवर होते. भाऊ पैसे पाठवतो, बहीण ओवाळल्याचा फोटो पाठवते. इथं शालननं पहाटेपासून अंगण सारवून पाट मांडला होता. धुळा लाल पटका बांधून आला, पाटावर बसला. शालन ताट घेऊन पुढं झाली. बहिणीनं ओवाळायचं आणि भावानं ताटात ओवाळणी घालायची, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. धुळानं ते उलटं केलं. म्हणाला, औंदा ओवाळणी तूच घाल आक्का. पंधरा दिवसांचा माळ घाल.

 हवालदारांचा हात शिट्टीकडं गेला होता. शालननं ओवाळणं थांबवलं नाही. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली आणि मग ताट खाली ठेवून ती म्हणाली, "आज तुला सोडलं तर उद्या समद्यांचंच भाऊ येत्याल, धुळा. भाऊ काय माज्या एकलीलाच हाय व्हय?"

तो उठायला लागला. तिनं त्याचा खांदा दाबून त्याला परत बसवलं. लहानपणी वर्गातही ती त्याला असंच बसवायची. म्हणाली, ऐकून घे. ओढ्याकडेचं मारवेल आधी पिकलंय. त्याचं बी आम्ही हातानं ओरबाडून घेणार आणि मग कापणार. माझ्या वाट्याचं गवत तुझं. शेजारच्या चार घरांशी बोललेय, त्यांच्यातलंही थोडं मिळेल. तू मेंढरं त्या मुरमाच्या उघड्या जागेवर बसव. लेंड्या पडतील, खुरांनी जमीन फुटेल, आणि बी आम्ही त्यातच टाकू. यंदा वाहून जायचं नाही.

"मेंढरं गवतात न्हाई यायची," ती म्हणाली. "गवात भाईर यील."

मी सुटकेचा श्वास टाकून लाडवाकडं हात नेला. एवढ्यात धुळा म्हणाला, बसवतो, पण धान्य पाहिजे.

इथं न गेलेल्यांसाठी सांगायला हवं. शेतकरी आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो तेव्हा मेंढपाळाला धान्य देतो. हा त्यांच्यातला फार जुना व्यवहार. हवालदार भडकले: फुकट चारा खाऊन वर धान्य मागतो? पण धुळाचं म्हणणं धान्याच्या लोभाचं नव्हतं. एकदा फुकट मेंढरं बसवली की पुढच्या वाटेवर प्रत्येक शेतकरी तेच म्हणणार, आणि मग रात्रभर राखण करणाऱ्या माणसाची काय पत राहिली? धान्याशिवाय मेंढरं बसवलेली त्याच्या बापानं पाहिली नव्हती.

शालन म्हणाली, मग मी देते बाजरी, त्यात काय. आणि धुळाचा चेहरा असा झाला जणू तिनं त्याला थोबाडलं. भाऊबीजेच्या दिवशी बहिणीचं धान्य घ्यायचं? हवालदारांनी रागारागानं का होईना, देतो म्हटलं, तर ते दाजी. बहिणीच्या घरचंच ते. बांधावरून ऐकत असलेली शेजारीण म्हणाली, आम्ही देऊ. धुळा म्हणाला, बहिणीच्या गावच्या सगळ्या बाया बहिणीच. त्या हिशेबानं वाडीत मी एकटीच परकी उरले. मी ऐटीत पुढं झाले.

"न्हाई बाई," तो हात जोडून म्हणाला. "तुमी शिकीवलंसा. तुमचं घिऊन कुटं फेडू?"

तीन वर्षांत हा माझ्याकडून खिडकीतून उडी मारायला तेवढा शिकला होता. ती विद्या अशी आडवी आली.

तर परिस्थिती अशी झाली, की गवत तयार, मेंढरं उपाशी, जागा मोकळी, सगळे द्यायला राजी, आणि घ्यायला कुणाकडून चालेना. धुळा परत उठला. पटका सारखा करू लागला. शालनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते दिसू नये म्हणून ती ताटातलं विझलेलं निरांजन उगीच सारखं करत होती. तो तसाच गेला असता तर पुढच्या भाऊबीजेला आला असता की नाही, कुणी सांगावं.

उंबऱ्यावरून आत्या बोलल्या. तोंडात चकली होती, त्यामुळं आधी कुणाला कळलं नाही. त्यांनी ती गालात सरकवली.

"माळ कुनाचा म्हन्ता तुमी?"

हवालदार म्हणाले, गायरान. सरकारी. आत्यांना ते ऐकू आलं नाही. शालन हळूच म्हणाली, बिरोबाचा.

"मग बिरोबा दील की धान्य. तुमी कशाला भांडायलाय?"

धुळानं उंबऱ्याकडं पाहिलं. मग परत पाटावर बसला आणि त्यानं लाडू मागितला.

संध्याकाळी देवळात बिरोबापुढं एक घोंगडी अंथरली. येईल तो ओंजळ रिकामी करत होता. कुणाची बाजरी, कुणाची ज्वारी, कुणी विचारलं नाही. हवालदारांनी पाठमोरं होऊन टाकली. मीही टाकली, आणि वर माझ्या उरलेल्या चकल्या. धुळानं देवापुढं डोकं टेकलं, भंडारा कपाळाला लावला, घोंगडीची चारही टोकं धरून धान्य उचललं. देवाकडून घ्यायला त्याची ना नव्हती. चकल्या तेवढ्या त्यानं बाजूला काढून ठेवल्या.

मुरमाची जागा

पुढचे काही दिवस मी तिथंच राहिले. मुलाला कळवलं की गुडघ्यांना इथली हवा मानवतेय. सकाळी आम्ही ओढ्याकडं मारवेलाचं बी ओरबाडायचो. तुरा खालून वर चिमटीत धरून ओढायचा, बी ओच्यात. माझ्या ओच्यात बी कमी आणि काड्या जास्त येत. बायका सौजन्यानं काही बोलत नसत, नुसतं माझं वेगळं ठेवत. मागून विळे चालायचे. भारे बांधावरून पलीकडं जायचे आणि मेंढरं त्यांच्यावर अशी पडायची की भारा कुठं आणि मेंढी कुठं कळू नये. दिवस कलला की धुळा त्यांना वळवून मुरमाच्या जागेवर आणायचा. शेकडो खुरांचा आवाज खडकावर पडतो तो पावसाच्या पहिल्या टपोऱ्या थेंबांसारखा वाटेल असं मी लिहिणार होते, पण तसा तो नाही. तो लग्नाच्या पंक्तीत पत्रावळ्या मांडतानाचा आवाज आहे. आम्ही त्यांच्या मागं मूठ मूठ बी टाकत जायचो. हवालदार शिट्टी वाजवायला विसरले आणि भारे वाहू लागले.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. एका पहाटे लांडग्यानं कोकरू नेलं. कुत्री भुंकत धावली, धुळाही धावला, पण लांडगा तिसऱ्या वाट्याच्या उंच गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. पूर्वी माळ उघडा होता तेव्हा लांडगा इकडं फिरकत नसे. शालन कानकोंडी झाली. तिनं राखलेल्या गवतानंच तिच्या भावाचं कोकरू लपवलं होतं. ती काहीतरी समजावायला लागली. धुळा म्हणाला, गवात आलं, ससं आलं, मग त्योबी यनारच की. पण त्या दिवशी तो जेवायला आला नाही.

निघायच्या दिवशी मेंढ्यांच्या फासळ्या झाकल्या होत्या. घोड्यावर सामान चढलं. मी धुळाला विचारलं, व्यापाऱ्याचं काय ठरवलंस. तो घोड्याचा पट्टा आवळत राहिला. म्हणाला, कराड यिऊ तरी द्या.  कळप उतारावरून दिसेनासा होईपर्यंत शालन बांधावर उभी राहिली, मग वळून मुरमाच्या जागेवरच्या लेंड्या पायानं सारख्या करू लागली.

तासगाव

परतताना लेकीकडं तासगावला उतरले. तिथं जमीन म्हणजे द्राक्षाची बाग किंवा बेदाण्याची शेड. मोकळी जागा दिसली की लोकांना चुकल्यासारखं होतं. लेकीच्या शेजारचे बेदाण्याचे व्यापारी, जैन गृहस्थ, मोठे सज्जन. मी त्यांना गवताबद्दल सांगत होते तोवर त्यांनी तीनदा विचारलं की एकरी उत्पन्न किती. मी म्हणाले, एक खोकड, काही धाविक आणि एका माणसाची मेंढरं. त्यांनी माझ्या लेकीकडं काळजीनं पाहिलं.

मी रोज फोनची वाट बघत होते. शालनचा फोन आला, तिला काही कळलं नव्हतं. धुळाचा फोन बंद. मेंढरं घेणारा व्यापारी कराडला असणार होता. कराड मागं पडून बरेच दिवस झाले असावेत. म्हातारपणी माणूस रात्री उठतं ते उगीच नाही.

मग एका दुपारी, मी बेदाणे निवडत होते तेव्हा, त्याचाच फोन आला. मागं घंटा वाजत होत्या आणि कुणीतरी कुत्र्याला शिव्या देत होतं. कुंभार्ली घाट उतरून तो खाली कोकणात पोहोचला होता. मी एकदम विचारलं, मेंढरं कुठायत. म्हणाला, माझ्यासमोरच की. व्यापाऱ्याबद्दल मी विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही. मी नुसतं विचारलं, बरी आहेत ना सगळी.

"बरी हायती, बाई. पन हितल्या कुटल्याबी गवताला नाकं मुरडत्यात. आक्काला त्येवडं सांगू नगासा, लय चढून बसंल."